इंटरवलला उठलेला फौजी

अंधेरी, ता. ११ डिसेंबर १९५५

तीर्थरूप दादा,

पायांवर डोकं ठेवून वि. वि. खुशाली मागाहून, आधी भांडण. गावी परतायला बोटीवर चढताना तू म्हणालास की एवढ्याशा गोष्टीचा राग धरू नये. गोष्ट एवढीशी नाही. तुला आणि वयनीला त्या लढाईच्या सिनेमाला नेलं, पुढच्या रांगेत दशरथ आणि माझ्याबरोबरची पोरं मुद्दाम बसवली, ती कशाला? माझा भाऊ खरा फौजी, ब्रह्मदेशात लढलेला, तो खरंखोटं सांगेल म्हणून. आणि तू विडी ओढून येतो म्हणून इंटरवलला उठलास, तो आलाच नाहीस. आता आरे कॉलनीत दुधाच्या बाटल्या धुताना रोज ऐकतो, की धाकूचा फौजी लढाई सुरू व्हायच्या आधीच पळाला. माझी पार वाट लागली.

बरं, सिनेमा आवडला नाही म्हणावं, तर पहिल्या भागात किती हसत होतास! हवालदार त्या जाड्या रंगरुटाला बंदूक डोक्यावर धरून पळायला लावतो, तेव्हा मांडीवर थापा मारत होतास. मागचा माणूस खेकसला, जरा हळू हसा म्हणून. मला आठवतं तसं तुला असं हसताना मी पाहिलेलंच नाही. मग दहा मिनिटांत काय झालं?

या सिनेमावरून इकडे दोन पक्ष झालेत. आम्ही म्हणतो पहिला भाग झकास. कवायत, शिव्या, लग्नाचं गाणं. दुसऱ्यात नुसता चिखल, गाणं एक नाही, कोण मेलं ते पण कळत नाही, पैसे अर्धेच वसूल. दशरथ म्हणतो, पहिला भाग म्हणजे तमाशा, सिनेमा इंटरवलनंतरच सुरू होतो. यावरून त्याने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मुकादम म्हणतो, कोणीतरी दोन सिनेमे काढून मधे शिवलेत.

आता मुद्द्याचं. माझं इथे मन लागत नाही. बाटली आली, धुतली, गेली, दुसरी आली. त्या बराकीतल्या पोरांत मी शोभलो असतो असं सारखं वाटत होतं. पुढच्या महिन्यात बेळगावला भरती आहे. तुझे जुने सुभेदारसाहेब तिथे आहेत, तू दोन ओळी लिहिल्यास तर माझं काम होईल. एवढं कर, मग इंटरवलचं मी पुन्हा काढणार नाही.

लोभ आहे म्हणून भांडतो, तो तूही ठेव.

तुझा
धाकू

मसुरे, ता. १८ डिसेंबर १९५५

चि. धाकूस रुक्मिणीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र ह्यांनी वाचलं आणि माडांना पाणी घालायला गेले. म्हणून मीच लिहिते. माझं अक्षर तिसरीपर्यंतचं आहे, हसू नकोस.

दुसऱ्या भागात चिखल आहे, गाणं नाही, हे तुला कोणी सांगितलं रे? तू तरी कुठे पाहिलास? ह्यांना शोधतो म्हणून तू पण उठलास, आणि समोरच्या हॉटेलात दोघे भाऊ चहा पीत बसलात. आत मी एकटी, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. आणि वर भांडतोस कोण, तर तू!

मी शेवटपर्यंत बसले. खरं सांगू, पहिल्या भागात माझं लक्ष पडद्याकडे नव्हतंच, ह्यांच्याकडे होतं. माझं लग्न लढाईनंतरचं. असा हसणारा माणूस मला कधी मिळालाच नाही. मला रागच आला, इतकी वर्षं हा कुठे ठेवला होता म्हणून. दुसऱ्या भागात एक जण दाखवलाय, चिखलात पाय रोवून कोणाशी न बोलता बसलेला. तो मात्र मला लगेच ओळखू आला. रोज संध्याकाळी आमच्या पडवीत बसतो तोच.

भरतीचं तुझं तू ठरव, मी अडवणारी कोण? पडवीत दोघं बसायला जागा आहे. पण दोघांना जेवायला हाका मारत राहायची ताकद माझ्यात नाही.

शेजारी म्हैस व्याली, खरवस केला, तुझी आठवण काढली. पत्रं लवकर टाक, भांडणाची चालतील.

तुझी
वयनी

मसुरे, ता. २३ डिसेंबर १९५५

चि. धाकू यास आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या वयनीने काय लिहिलं ते मी विचारलं नाही. सुभेदारसाहेबांना चिठ्ठी लिहायला मी नाही म्हणत नाही. फौजेत जाणं वाईट नाही. आपल्या घरावर कौलं त्याच पगारातून चढली.

दहा मिनिटांत काय झालं म्हणून विचारतोस. तो हवालदार हुबेहूब आमचा. तसाच मिशीला हात, तशाच शिव्या. जाड्यासारखाच एक आमच्यात होता, कणकवलीकडचा, त्याला आम्ही फणस म्हणायचो. इतक्या वर्षांनी सगळे भेटले. बाहेर विडी ओढताना वाटलं, मी आत गेलो नाही तर ते बराकीतच राहतील. म्हणून गेलो नाही. पळाला म्हणतात ते म्हणू देत.

पण तूही अर्धाच पाहून निघाला आहेस. फौजेत जाताना मीही तसाच निघालो होतो, मला पुढचं दाखवायला कोणी नव्हतं. तुमच्या अंधेरीत तो सिनेमा अजून लागलेला असेल. राहिलेला भाग पाहा. तो पाहूनही भरतीला जातो म्हणालास, तर त्याच दिवशी चिठ्ठी टाकतो.

प्रकृतीला जप म्हणजे आम्हाला पोचलं.

दत्ताराम

अंधेरी, ता. ३ जानेवारी १९५६

तीर्थरूप दादा आणि वयनी,

दोघांना एकाच पाकिटातून दंडवत. वि. वि. वयनी, तू मला पकडलंस.

रविवारी सिनेमा पाहिला. दारावरचा माणूस बघतच राहिला, इंटरवलला लोक बाहेर येतात, आत जाणारा तूच पहिला म्हणाला. पहिला भाग बाहेर उभा राहून काढला. आतलं हसू रस्त्यापर्यंत येत होतं.

आत गेलो तर कोण कोण तेच कळेना. सगळ्यांच्या दाढ्या वाढलेल्या, तोंडं चिखलाने सारखी. जाड्याला शोधत होतो, पण तो जाडा राहिलाच नव्हता. पाणी मागतो तेव्हा आवाजावरून ओळखला, आणि तेवढ्यात संपला. मागची पोरं गाणं लावा म्हणून ओरडत होती. त्यांना गप्प बसा म्हटलं, तर मलाच शिव्या. पण मला त्यांचा राग आला नाही. त्यांना हसवणारी माणसं कोणीतरी काढून नेली, त्याचं ते भांडण. दशरथला हे सांगितलं, तर म्हणतो म्हणूनच पहिला भाग फुकट. तिथे मात्र मी ऐकलं नाही. पहिला भाग नसता तर जाड्याला शोधलं कोणी असतं? पक्ष अजून दोनच आहेत, मी अजून पहिल्यातच आहे.

दादा, घाबरून माघार घेतली असं समजू नकोस. थोडा घाबरलो, खोटं कशाला बोलू? पण सिनेमा सुटल्यावर त्या दिवशीची वयनी आठवली. बाहेर आली, आम्हाला काही विचारलं नाही, नुसतं घरी चला म्हणाली. तिला पुन्हा तसं म्हणायला लावायचं नाही मला. सुभेदारसाहेबांना चिठ्ठी टाकू नकोस.

बाटल्यांत मन लागत नाही ते नाहीच. दुधाच्या गाडीवर क्लीनरची जागा निघतेय, मुकादमाच्या मागे लागलोय. गाडी वर्सोव्यापर्यंत जाते, हिंडणं तरी होईल. तिथेही नाही जमलं, तर भांडायला तुम्ही आहातच.

लोभ दोघांनी सारखा वाटून घ्यावा, जास्तीचा मला ठेवावा.

तुमचा
धाकू

ता. क. बेळगावचं गाडीभाडं आणि तिथलं राहणं यासाठी साठवले होते, ते आज वयनीच्या नावाने मनिऑर्डर केले. मागे काही ठेवलेलं नाही. रुपये एकतीस.