तांदळाचा बिरू

मुठा, ता. १२ जानेवारी २०२५

ती. गौतमीआक्कास,
सोनालीचा शि. सा. न. वि. वि. हात मोडला म्हनून माज्या बिरूला तुज्यापाशी पौडला ठेवलं, पन फोनवर त्याचा आवाज आला की रडूच फुटतं, म्हनून लिव्हते.

पलास्टर निघालं, पन कोपर सरळ व्हईना. बावधनच्या दवाखान्यात दर मंगळवारी किमया मॅडम व्यायाम शिकवत्यात. लई गोड बाई. शेक देत्यात, पोराची चौकशी करत्यात. समाधान हाय का म्हनून कागद दिला, तर मी समद्या हसऱ्या तोंडांवर खुना केल्या. पन आक्का, घरी मी व्यायाम करतच न्हाई. हाड पुन्ना मोडलं तर? मॅडमला म्हनते, रोज करते. बिरू पायाशी येऊन हात वर करंल आन् मला उचलता यायचं न्हाई, म्हनून पौडला यायला बी भ्या वाटतं. तो तुलाच आई म्हनंल.

माया पातळ करू नको.
सोनी

पौड, ता. १७ जानेवारी

चि. सोनीस, अ. उ. आ.
तुजं पोर खुशाल. काल माजी चप्पल गोठ्यात नेऊन टाकली.

मॅडमला पैकीच्या पैकी, आन् कोपराला भोपळा! आपल्या आबांनी मेंढीच्या मोडक्या पायाला बांधलेल्या कामट्या सोडल्यावर तिला खांद्यावर घेऊन हिंडवली का? कळपामागं सोडली. लंगडत गेली, पन गेली. मंगळवारी मॅडमला खरं सांग. आन् बिरू मला आई म्हनत न्हाई. "ए" म्हनतो.

जीव हाय म्हनून बोलते.
आक्का

मुठा, ता. २० मार्च

ती. आक्कास, शि. सा. न.
खरं सांगितलं. मॅडम रागावल्या न्हाईत. हाड जुळलंय, दुखंल पन एवढ्यानं मोडायचं न्हाई म्हनाल्या. मग इचारलं, ह्या हातानं तुला काय करायचंय? म्हनलं, लेकरू उचलायचंय. तवा पिशवीत किलोभर तांदूळ भरायला लावला, सोसंल तसा वाढवायचा. मी पिशवीला बिरूचं झबलं घातलं. सासूबाई म्हनत्यात, ह्यो बरा, रडत न्हाई. सासरे रोज इचारत्यात, नातू किती किलोचा झाला? आता सहा.

लोभ ऱ्हाऊ दे.
सोनी

पौड, ता. २४ मार्च

चि. सोनीस, अ. उ. आ.
अंगणवाडीत बिरूचं वजन केलं. साडेनऊ! तो काय तुज्या तांदळासाठी थांबला न्हाई. तरी रविवारी ये. तू खाली बस, तो आपसूक मांडीवर चढंल.

वाट बघते.
आक्का

मुठा, ता. २७ मार्च

ती. आक्कास, शि. सा. न.
रविवारी येते. आधी बसंन. पिशवीत तांदूळ साडेनऊ किलो झाले की त्याला घेऊन उभी ऱ्हाईन. तवर त्याला पोटभर खायला घाल, माज्यासाठी हलका ठेवू नको.

तुजीच,
सोनी