यंदा कढई नाही

२१ ऑक्टोबर २००२, सोमवार

शेठने आज सांगून टाकलं — यंदा मिठाईचा पुडा नाही. ऑर्डरी बसल्यात. बारा बाया आम्ही, दिवसभर गाड्यांच्या वायरी जोडतो, वर्षाचा एक पुडा मिळायचा, तोही गेला. सगळ्यांची तोंडं एवढीशी झाली.

मग उज्वला उठली. आमची सुपरवायझर, पंचविशीची पोर. म्हणाली, पुडा नसला तर नसला, दिवाळी आपली आपण करू. प्रत्येकीनं घरून एकच जिन्नस करून आणायचा. बारा जिन्नस होतील, बाराजणींनी खायचे. कंदील खोक्यांच्या पुठ्ठ्याचा, त्याला शेपट्या टाकाऊ वायरींच्या. शेठनं फक्त चहा पाजायचा. दोन तारखेला धनतेरस, त्या दिवशी आधी वायरींना टोकं दाबायच्या प्रेसची पूजा, मग फराळ.

फुकटातली दिवाळी! पोरीला डोकं आहे.

जिन्नस वाटले. मला कोणी विचारलंच नाही. सगळ्या एका सुरात — गोजरामावशीची चकली! एरवी माझी जीभ कुणाच्या बापाला ऐकत नाही. आज मान हलवली, झालं.

२२ ऑक्टोबर

चकली कुठून आणू? घरातलं माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला त्या घरात कढई चढत नाही. सोयरे, शेजारी आणून देतात ते खायचं.

माझा माणूस श्रावणात गेला. कामावर कुणाला ठाऊक नाही.

२४ ऑक्टोबर

लिहूनच टाकते. इथं कोण वाचतंय.

मला पोर झालं नाही म्हणून त्यानं सटाण्यात दुसरी केली. रंगू तिचं नाव. तिलाही झालं नाही, ती गोष्ट वेगळी. मी पिशवी उचलली आणि नाशकात आले. सोळा वर्षं झाली. कामावर सांगितलं, मालक सटाण्याला शेती बघतात. कोणी खोदून विचारलं नाही.

तो गेल्याचं कार्ड पंधरा दिवसांनी आलं. चुलतदिरानं टाकलेलं. त्यात लिहिलंय, रविवारी अस्थी रामकुंडावर आणल्या. रामकुंड माझ्या खोलीपासून दहा मिनिटं. त्या रविवारी मी पंचवटीच्या बाजारात मेथी निवडून घेत होते. एवढ्या जवळ येऊन कुणाला वाटलं नाही, हिला हाक मारावी.

कुंकू मी पुसलं नाही. दर पूजेला प्रेसला पहिलं बोट माझं असतं — सगळ्यांत थोरली सवाष्ण म्हणून. दसऱ्यालाही मीच लावलं. कळून-सवरून लावलं. तेवढा एकच मान आहे मला या गावात. सांगितलं की हळदीकुंकवाचं ताट भागीच्या हातात जाईल, कामावर माझ्याखालोखाल थोरली तीच. भागीचं माहेर सटाणा. आज ना उद्या तिच्या कानावर जायचंच.

२९ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत कंदील केले. भागी माझा कंदील बघून म्हणाली, "मावशी, कंदील हाय का कोंबड्यांचं खुराडं?" मी म्हटलं, तुला कोंडायलाच केलंय. बाया लय हसल्या. मीही.

खोलीवर आले, कुलूप काढलं. हसू बसमध्येच राहिलं.

१ नोव्हेंबर

आज भाजणी भिजवली. तिखट, तीळ, मोहन — सगळं. कढई काढून स्टोवर ठेवली.

मनाशी म्हटलं, सोळा वर्षं तो ह्या घरात पाय ठेवायला आला नाही. मग ह्या घरातलं कोण गेलं? खुशाल तळ, गोजरा.

मग आलं मनात — तो माझा नव्हताच, तर कुंकू कुणाचं लावतेस?

कढई उतरवली. भिजवलेलं पीठ टाकून दिलं. दुकानातून अर्धा किलो चकली आणली आणि माझ्या डब्यात भरली.

२ नोव्हेंबर, शनिवार

प्रेसपुढं बारा डबे उघडून मांडले. वर कंदील. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

भागीनं माझ्या डब्यातली चकली उचलून मोडली. म्हणाली, "ही मावशीच्या हातची नाय! मावशीची चकली मोडली की आवाज होतो. ही तर दुकानातली." सगळ्या खिदळल्या. आळशी झाली म्हणे मावशी. तेवढ्यात उज्वलानं हळदीकुंकवाचं ताट माझ्या हातात दिलं. मी कुंकवात बोट बुडवलं. भागीचं चालूच — "कढई गहाण टाकली का काय मावशी?"

मी म्हटलं, "माझ्या घरी यंदा कढई नाही."

एका वाक्यात सगळ्यांना कळलं. कुणाला समजवावं लागलं नाही. भागी माझ्या कपाळाकडं बघत राहिली.

"कोण गेलं?"

"माझा माणूस. श्रावणात."

ताट तिच्या हातात दिलं आणि मागं जाऊन उभी राहिले. पूजा तिनं केली. मग सगळ्यांनी माझी चकली खाल्ली, छान आहे म्हणाल्या. थट्टा कुणी केली नाही. तेच जास्त लागलं. दसऱ्याचं कुणी काढलं नाही, पण एकमेकींकडं बघणं मला दिसत होतं.

निघताना भागी फाटकापर्यंत आली. उद्या ती माहेरी चाललीय, भाऊबीजेला. सटाण्यात माझं सासरचं घर कोणत्या आळीला, विचारलं. सांगून टाकलं. आता काय लपवायचं? गावभर करील. करू दे.

डबा तिथंच विसरले.

४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सकाळी आरशापुढं कुंकवाचा करंडा उघडला. पुन्हा बंद केला. शेजारी फटाके. दार लावून घेतलं.

५ नोव्हेंबर, पाडवा

पोळी-भाजी. कोणी आलं नाही.

६ नोव्हेंबर, भाऊबीज

दुपारी दार वाजलं. रंगू. सटाण्याहून एसटीनं आलेली, केस पिकलेले, कपाळ मोकळं, हातात पितळी डबा. भागी परवा तिच्या घरी जाऊन बसली होती म्हणे. सांगून आली, तिकडं गोजराबाईला कुणी नाही.

उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. म्हणाली, "मना घर बी कढई चढनी नही, बाई. भाऊनी दिधं ते आनं. एकलीले घास उतरस नही."

भांडायचं सोळा वर्षांचं साठवून ठेवलं होतं. आत ये म्हटलं.

ताटं दोन काढली. मग एक परत ठेवलं, आणि तिच्या भावाकडचा फराळ एकाच ताटात वाढला.