मिरवणूक मास्तरांच्या घरावरून

रविवार, १२ एप्रिल

ओठ फुटलाय. तूप लावून बसलेय. गेल्या आठवड्यात नांदेड, मग महाड, काल परत नेरूळला. परवा जयंती — एकाच दिवसात वाशी, करावे आणि नेरूळ! आई म्हणते, एक तरी सोड. सोडते कशाला? ट्रम्पेट काय घरी बसून वाजतो?

अंकुशचं आज पुन्हा तेच. बँजो पार्टी त्याची, गाडी त्याची, ढोल त्याचे, तारखा तोच घेतो — सगळं मान्य. पण सदूमास्तर अंथरुणाला खिळल्यापासून पुढे कोण उभं राहणार हा घोळ चाललाय. पार्टीत आम्ही तिघं ट्रम्पेटवाले. तिघांत मी भारी, हे त्यालाही माहितीय. तरी त्याला नाशिकहून एक जण आणायचाय. म्हणे, लग्नवाले विचारतात, मुलगी एवढा वेळ फुंकेल का? मी म्हटलं, त्यांना सांग, तुमचं वऱ्हाड दमेल, संघप्रिया दमणार नाही. हसला. पण नाशिकवाल्याला नको असंही म्हणाला नाही.

शेवटी दोघंही मास्तरांकडे गेलो. ते त्याचे मामा, माझे गुरू. दम्याने पार खिळखिळे झालेत. म्हणाले, "मिरवणूक माझ्या घरावरूनच जाते. मी पडल्या पडल्या ऐकीन. तिघांतली तू कुठली हे न बघता कळलं, तर जागा तुझी. नाही कळलं तर अंकुश म्हणेल तसं."

मंजूर! डोळे काय, कान बांधून बसा म्हणावं, तरी ओळखाल.

सोमवार, १३ एप्रिल

गच्चीवर सराव. खालच्या काकूंनी दोनदा वर बघितलं.

मास्तरांची आठवण येत होती. सुरुवातीला त्यांनी मला वाजवायला कमी आणि थांबायला जास्त शिकवलं. ओळ अर्धी सोडून तोंड काढलं की डोक्यात टपली. "ताटात टाकून उठतेस का गं घरी? मग इथे कशाला टाकतेस?" तेव्हा राग यायचा. मला वाजवायचं होतं, थांबायचं नव्हतं.

मंगळवार, १४ एप्रिल, सकाळी

पांढरा ड्रेस, निळा फेटा. ओठ बरा आहे. आज माझा दिवस.

बुधवार, १५ एप्रिल

काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते. आता क्रमाने लिहिते.

वाशीला सुरुवातच जनरेटरने केली — बंद! की-बोर्ड मुका, स्पीकर मुके. आम्ही तिघं आणि ढोल-ताशा, तेवढ्यावर अख्खी मिरवणूक ओढली. लोक असे नाचले की अंकुशला घाम आणि मला हुरूप. कुणीतरी निळा गुलाल उधळला तो थेट माझ्या ट्रम्पेटमध्ये. मधलं बटण दाबलं की वर येईना.

तशीच करावे गावात गेले. तिथे गावची पालखी. टेम्पो वाटेत अडकला, मग वाद्यं खांद्यावर घेऊन चालत गेलो. एका कोळी आजीने मला बटणाशी झटापट करताना पाहिलं आणि घरातून खोबरेल आणून दिलं. बटण सुटलं! मी असं वाजवलं की पालखीवाले जागचे हलेनात. आजी म्हणाली, "कवरा दम हाय गो पोरी तुझ्यान!" अंकुश शेजारीच होता. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं.

संध्याकाळी नेरूळ. जनरेटर सुधारला होता. पाय गेले होते, ओठ जळत होता, पण मास्तरांची गल्ली जवळ आली तशी मी ताजी झाले. त्यांनीच बसवलेली चाल धरली. गल्लीत वळलो.

आमच्यात रीत आहे — वाटेत दुःखाचं घर लागलं की बाजा बंद. सगळ्यात पुढे असतो तो हात वर करतो, जो जिथे असेल तिथे थांबतो. घर मागे पडलं की पुन्हा सुरू.

मास्तरांच्या दारात चपलांचा ढीग होता. ओट्यावर पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, माना खाली घालून. आत मेणबत्ती लावलेली. बुद्धं शरणं गच्छामि, त्रिशरण चाललेलं. मधोमध मामी — मास्तरांची बायको चांगुणाबाई, आम्ही सगळेच मामी म्हणतो — डोळ्यांना पदर लावून बसलेल्या.

अंकुशचा हात वर गेला.

ढोल तुटला, ताशा तुटला, बाकीचे दोघं ट्रम्पेटवाले थांबले. मी ओळीच्या मधे होते. हात दिसला होता मला. तरी उरलेली अर्धी ओळ वाजवली. एकटीने, हळू. खाली आणून ठेवली आणि मग थांबले. का ते सांगता येणार नाही. मास्तर गेले, एवढंच डोक्यात होतं.

ताशावाल्याने फेटा काढला. मी रडत होते, सगळ्यांसमोर.

तेवढ्यात मामी उठून खाली आल्या. म्हणाल्या, "का रे थांबलात? ते विचारतायत, मिरवणूक गेली का म्हणून."

मास्तर जिवंत! त्यांना विहारात जाता येत नाही म्हणून महिला मंडळच घरी वंदना घ्यायला आलं होतं. मामींच्या डोळ्यांत अगरबत्तीचा धूर गेला होता. आणि पांढऱ्या साड्या — अरे, जयंतीला अख्ख्या नेरूळने पांढरंच घातलं होतं! आम्ही स्वतः पांढऱ्यात होतो! आमच्यात आनंदालाही पांढरं, दुःखालाही पांढरं, आणि दिवसभर नाचवून आलेल्या आम्हाला नेमकं दुःखच दिसलं. बायकांना कळलं तशा त्या हसायला लागल्या. अंकुशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तो ओरडला, वाजवा! सगळ्यांनी उचललं. मीही उचलला — आणि फुस्स. ओठ पुन्हा फुटलेला. नुसती हवा. बाकीच्या दोघांनी ती चाल वाजवली, छानच वाजवली. मास्तरांच्या घरासमोर सगळे वाजले, मी सोडून.

गल्ली संपल्यावर अंकुशने सुनावलं. "हात वर केला की थांबायचं. दिसला नाही का तुला?" म्हटलं, दिसला. तो म्हणाला, मग सगळ्यांबरोबर थांबत नाहीस आणि सगळ्यांबरोबर वाजवतही नाहीस, असलं माणूस पुढे कसं उभं करू? मी नुसता ट्रम्पेट पुसत राहिले. नाशिकवाल्याला शुक्रवारी बोलावतोय.

गुरुवार, १६ एप्रिल

मास्तरांकडे जायला पाय उचलत नाही. मी कुणाला घाबरत नाही. आज घाबरले.

शुक्रवार, १७ एप्रिल

मामींनीच बोलावून घेतलं. अंकुशही आला होता. त्याने नाशिकला फोन लावून नको म्हणून सांगितलं — मास्तरांच्या खाटेवर बसून, माझ्यासमोर. सांगायला मास्तरांनीच लावलं.

मी म्हटलं, पण मास्तर, मी वाजवलंच कुठे?

ते दम घेत घेत म्हणाले, "बाजा एकदम तुटला, तेव्हा मला वाटलं, गेलो आपण. मग एक ओळ एकटीच आली, पुरी झाली आणि थांबली. म्हटलं, मी जिवंत असलो तरी ही प्रियाच, आणि मेलो असलो तरी ही प्रियाच."