बिनगोश्ताची देग

१२ फेब्रुवारी २००७
सकाळी मासळीच्या बंदरावर. लिलाव बघत उभा राहिलो, घेतलं काही नाही. सुरमया म्हणून वीतभर पिल्लं मांडली होती, बघवेनात. मी जहाजावरून सुट्टीला यायचो तेव्हा एक सुरमई दोघांनी धरून घरी आणायचो. हे रुबीला सांगितलं तर लगेच म्हणेल, मग आमचं ऐका ना. म्हणून सांगत नाही.

आमची रुबी आणि तिचं कॉलेजातलं मंडळ दारोदार फिरतं. गोश्त कमी करा, माशांची पिल्लं खाऊ नका, डाळी-भाज्या वाढवा, पृथ्वी तापत्ये. गोश्ताने पृथ्वी कशी तापते ते मला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा पटलं, आणि जेवायच्या वेळेपर्यंत विसरलो.

रुबीची आई हलिमा म्हणते, "भंडाऱ्याची पोर, आणि घरोघर भाजी खा सांगत फिरते." जहाजावर आचाऱ्याला भंडारी म्हणतात, तेच नाव मला गावात चिकटलं. आता जहाज नाही, लग्नांच्या बिर्याण्या आहेत.

२५ फेब्रुवारी
रुबीच्या लग्नाची तारीख ठरली. २२ एप्रिल, रविवार. मुलगा लोट्याला कंपनीत, पाळीवर जातो. शांत वाटला. व्याही गफूरभाई खेडचे. निघताना माझा हात धरून म्हणाले, "आम्हाला बाकी काही नको. तुमच्या हातची बिर्याणी खिलवा, बस." बोकड कुठून आणायचे ते माझ्या डोक्यात तिथेच सुरू झालं.

रुबी चहाचे कप उचलत होती.  लहानपणी औषध गिळायचं नसलं की तोंडात धरून बसायची, तशी दिसली.

३ मार्च
नमाजाहून येताना इस्माईल खाटकाने अडवलं. "चाचा, ऐकतो ते खरं?"

झालं ते असं. खालच्या मोहल्ल्यात रुबी बायकांना सांगत होती, लग्नाच्या जेवणात एकदा गोश्त सोडून बघा. एकीने विचारलं, "आणि तुझ्या लग्नात काय गो वाढणार?" ही म्हणाली, "बिनगोश्ताचं." सगळ्यांसमोर जबान देऊन मोकळी.

घरी येऊन ओरडलो. माझ्या बिर्याणीच्या देगेत काय पडणार ते तू गावभर सांगतेस? म्हणाली, "अब्बा, लग्न माझं आहे." मी म्हटलं, देग माझी आहे.  हलिमाने ताटं वाढली. नेमकी डाळच होती.

४ मार्च
बोललो नाही. तीही नाही.

९ मार्च
आज तिने जहाजाची गोष्ट काढली. "तुम्हीच सांगायचात ना, बर्फाची खोली बंद पडली, गोश्त सगळं दर्यात फेकलं, आणि तुम्ही घरून नेलेल्या फणसाच्या आठळ्या नारळाच्या दुधात शिजवून अख्ख्या जहाजाला जेवू घातलंत. सारंगाने दुसऱ्यांदा ताट पुढे केलं." शब्द न शब्द पाठ. दर सुट्टीत रात्री निजताना हीच गोष्ट हवी असायची, आणि सारंगाचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, आवाज मीच काढायचा. नाही काढला तर रुसायची.

आता तीच गोष्ट माझ्या गळ्यात अडकवली पोरीने. म्हणे, बिर्याणीही फणसाची करा.

१० मार्च
आठळ्यांचं पोतं आईने बांधून दिलं होतं. मी नको म्हणत होतो, लोक हसतील म्हणून. तिने सुंभाने तोंड आवळलं, एवढी पक्की गाठ की जहाजावर सुरीने कापावी लागली. आई फार आठवते या दिवसांत.

सारंगाने खरंच दुसऱ्यांदा ताट पुढे केलं होतं, की ते मी नंतर जोडलं? आता माझं मलाच कळत नाही.

१९ मार्च
फणसाची बिर्याणी होत नाही, हे पोरीला दाखवायचं म्हणून छोट्या पातेल्यात केली. कच्चा फणस, कांदा, गरम मसाला. लगदा झाला. म्हटलं, बघ. तिने लगदा पूर्ण खाल्ला. फार राग आला.

२४ मार्च
परत केली. आधी फोडी मीठ लावून तेलात लालसर तळल्या. दह्याऐवजी नारळाचं घट्ट दूध, आंबटाला आमसूल. फोड जाग्यावर राहिली, तांदूळही. हलिमा खाऊन म्हणाली, "वाईट नाही." तिच्याकडून हे म्हणजे फार झालं.

पण वाईट नाही म्हणून लग्न होत नाही. गफूरभाईंच्या पंगतीत माणसांनी ताट सारलं तर माझं तोंड काळं, आणि सासरी जन्मभर ऐकून घेणार ती रुबी.

८ एप्रिल
गफूरभाईंना फोन केला, आज सांगूनच टाकायचं म्हणून. ते खुशीत. थोरले भाऊ दोह्याहून येतायत, विमानतळापासून बिर्याणीचंच बोलणार म्हणे. मी हो हो करत राहिलो. हलिमाने विचारलं, "सांगितलंत?" मी म्हटलं, लाईन तुटली. ती हसली, आणि उठून आत गेली.

१४ एप्रिल
रुबी स्वयंपाकघरात आली. कांदा चिरत होतो. म्हणाली, "अब्बा, करा तुम्ही गोश्ताची. मी जाऊन त्या बायकांना सांगते, मी माझा शब्द परत घेतला." मी झोपत नाही हे तिने बघितलं असणार.

खूश व्हायला हवं होतं. चप्पल घालून ती खाली उतरायला लागली, तर मीच हाक मारली. म्हटलं, थांब, कुठे जाऊ नको. म्हणाली, का? मला काय सांगायचं होतं कोण जाणे. म्हटलं, कांदा चिरून दे.

१६ एप्रिल
इस्माईलला बोकड नकोत म्हणून सांगितलं.  मग गफूरभाईंना फोन. एका दमात बोललो: मुलीने जबान दिल्ये, मी तिच्या मागे आहे, बिर्याणी फणसाची असेल.  ते म्हणाले, "तुम्ही भंडारी. तुमचं तुम्ही बघा." रागाने की कसे, अजून उलगडत नाही.

२० एप्रिल
देवरुखहून टेम्पोभर फणस आले. रुबीचं मंडळ हाताला तेल लावून चिरायला बसलं. चीक सगळ्यांच्या कपड्यांना. त्यांची कॉलेजातली बाई म्हणाली, "चाचा, हे आमच्या कामातलं सगळ्यात मोठं काम आहे." मी म्हटलं, फोडी सारख्या करा.

रुबीला चिरू दिलं नाही, मेंदी आहे. कट्ट्यावर बसून तिने हुकूम सोडले.

२२ एप्रिल
देग दमावर आहे. झाकणाच्या कडेला कणीक थापून बंद केली, वर निखारे. आता चाखता येत नाही, मीठ कमी-जास्त करता येत नाही. वेळ जात नाही म्हणून लिहितोय.

रुबी एवढीशी होती तेव्हा सुट्टीत मी कुठल्याही लग्नाची देग लावली की ही शेजारी बसून राहायची. झाकण उघडताना कडेची कणीक खरपूस भाजून निघते, ती हिची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मी जहाजावर असलो आणि दुसऱ्या कुणी देग लावली, तर ती कणीक ही खायची नाही, असं हलिमा सांगायची.

खेडच्या गाड्या पाखाडीच्या पायऱ्यांखाली लागल्या. गफूरभाई थोरल्या भावाला हाताने धरून वर आणतायत. मला सलाम केला, देगेकडे बघितलं, हसले नाहीत. पंगत बसत्ये. हात धुणं चाललंय.

रुबी आतल्या खोलीत, बायकांच्या गराड्यात. मघाशी दारावरून गेलो तर पदराआडून म्हणाली, "अब्बा, कणीक माझी."

बोलावणं आलं. जातो, झाकण उघडतो.