विचारलं तेवढंच

४ फेब्रुवारी
साहेब म्हणाले, "कोर्टात सांगा, परदेशी बायका आपण वेगळ्या ठेवतो." ठेवत नाही! म्हणून हे लिहायला बसले. जन्मभर तुरुंगात नोकरी केली, पण खोटं बोलायला इतकं गोड बोलून कुणी सांगितलं नव्हतं. चहासुद्धा मागवला.

जिच्यावरून हा खटला चाललाय, तिच्यावर गुन्हा नाही. व्हिसा संपला, नवरा सोडून गेला, आणि तिचा देश तिला आपली म्हणायला तयार नाही. म्हणून ती माझ्या बराकीत, खुनाची शिक्षा झालेल्या बाईशेजारी झोपते. तिच्या वकीलीणबाई म्हणतात, शिक्षा नाही तर तुरुंग कशाला? बरोबरच आहे. बाकीच्या बायकांना निदान सुटकेची तारीख असते.

तिची पाच वर्षांची मुलगी तिच्याजवळच असते. लहान मूल आईपाशी ठेवायचं, असा तुरुंगाचा नियम आहे.

९ फेब्रुवारी
छोटी आज हात पाठीशी बांधून माझ्या मागे. चादरींच्या घड्या तपासत होती! "ही नीट नाही. परत घाल." हुबेहूब माझा आवाज. स्वयंपाकघरातली मावशी म्हणते, "मॅडम, रिटायर व्हा आता. नव्या मॅडम आल्या." बराकभर हशा. मी ओरडले. मग खोलीत जाऊन हसले.

तिची आई मात्र हसली नाही. "पोरगी तुरुंगच शिकतेय," म्हणाली.

१७ फेब्रुवारी
कोर्ट. शिक्षा झालेल्यांबरोबर ठेवता? — हो. एकाच बराकीत? — हो. साहेब छताकडे बघत होते.

न्यायाधीश म्हणाले, "आणखी काही सांगायचंय?" — "नाही."

नव्या मुलींना मी हेच शिकवते. विचारलं तेवढंच बोला.

बाहेर वकीलीणबाईंनी हात धरला. "मॅडम, तुमच्यामुळे जिंकणार बघा!" काय फुगले मी!

२४ फेब्रुवारी
हुकूम आला. परदेशी बायकांना तुरुंगातून काढून त्यांच्यासाठीच्या केंद्रात हलवा. आईनं छोटीला उचलून गरागरा फिरवलं. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू!

२६ फेब्रुवारी
केंद्राला फोन केला, छोटीच्या दुधाचं सांगायला. पलीकडचा कारकून म्हणाला, "मूल? आमच्याकडे मुलांची सोय नाही हो. हुकुमात मुलाचं कुठाय?"

नाही. एक अक्षर नाही.

वकीलीणबाईंना फोन लावला. "आम्ही धरूनच चाललो, मॅडम, मूल आईबरोबर जाणार." सगळेच धरून चालले. पण कोर्टात त्या दोघींना रोज बघणारी मी एकटीच होते. एक वाक्य पुरलं असतं. तोंड उघडं होतं, ते मिटलं.

नवा अर्ज टाकतील. सुनावणी पुढच्या महिन्यात. तोवर दोघींना इथेच राहू द्या, म्हणून साहेबांकडे गेले. "हुकूम तुम्हीच आणलात ना? मग पाळा."

१ मार्च
आईला सांगितलं, छोटी बालगृहात जाणार.  तिनं विचारलं, "काय केलं तर इथे ठेवाल? चोरी करू?"



२ मार्च
केंद्राच्या गाडीत — आई.
बालगृहाच्या बाईंकडे — मुलगी, कपड्यांचे दोन जोड, चपला. दुपारच्या झोपेत होती. आईनेच उचलून दिली, जाग येऊ नये म्हणून.