कोकमाची बाटली

बोईसर,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

प्रिय वहिनी,

अर्चनाचा नमस्कार. तू बरी असशील. मोनालीची सहामाही परीक्षा संपली का? इकडे आम्ही ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

पुढचं वाचायच्या आधी उठ. फ्रिजच्या दारात कोकम सरबताची बाटली असेल, रविवारी दादा आमच्याकडून घेऊन आला ती. मोरीत ओत आणि वर भरपूर पाणी सोड. मोनालीला देऊ नकोस, दादालाही नाही. सरबत नासलंय.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. इथल्या सिस्टरच्या फोनवरून लावला, तर अनोळखी म्हणून तू उचलला नाहीस. दादाचा फोन कंपनीच्या गेटवर जमा असतो. तिथे निरोप ठेवलाय, पण पोचेल याचा भरवसा नाही. हितेश मनोरला व्हॅन नेतो, त्याला म्हटलं तूच जाऊन सांग. तर म्हणाला, "ताई, आमी सांगून त्या ऐकायच्या नाय. तुमी लिवून द्या, मी हातात नेऊन देतो." त्याची व्हॅन भरेपर्यंत लिहिते आहे.

ओतलीस ना? मग आता खरं सांगते. सरबत नासलेलं नाही, कारण ते सरबतच नाही.

आमच्या घरच्या बारवरूनच आपलं बिनसलं. "माझ्या नवऱ्याला बिघडवता तुम्ही दोघं," म्हणाली होतीस, आणि मला केवढा राग आला होता! सुजित सगळं मोबाइलवर बघून शिकला. शेकर म्हणून माझी घट्ट झाकणाची स्टीलची बरणी, गाळायला चहाची गाळणी. गुळाचा पाक, आलं, कुंडीतला पुदिना, ग्लासाच्या काठाला मीठ-तिखट. बारमध्ये एका ग्लासाचे घेतात तेवढ्यात आपली चौघांची मैफल होते, म्हणायचा. दिवसभर प्लांटमध्ये मास्क लावून राबणारा माणूस घरी येऊन हौसेने पुदिना चुरतोय, हे बघून मला बरंच वाटायचं. आमच्या वस्तीवरून 'बार सालवड' हे नाव मीच ठेवलं.

पण गुळाने काम भागतं ते गोडाचं, दारूचं नाही. त्याच्या पाळीतला हर्षित म्हणाला, "भाई, दुकान में जो बिकता है वो भी तो यही है, पानी मारके." आणि प्लांटमधून स्पिरिटचा एक कॅन आणून दिला. मी घाबरले, तर सुजितने चमच्यात थोडं घेऊन पेटवून दाखवलं. निळी ज्योत. "बघ, धूर नाही, काजळी नाही. अस्सल आहे. मी रोज यातच असतो, मला शिकवतेस?" रोज हाताळतो त्या वस्तूची माणसाला भीती राहत नाही, वहिनी. मी गाळणी पुढे केली. त्यातच कोकम आणि पाक घालून त्याने दादासाठी भरून दिलं. घरी बायको ओरडेल, असं दादा म्हणाला, तेव्हा सरबताची रिकामी बाटली मीच काढून दिली.

डॉक्टर म्हणाले, पिण्याचं स्पिरिट असो की विषारी, दोन्ही निळंच पेटतं.

हो, डॉक्टर. मी घरी नाही, हॉस्पिटलात आहे. काल संध्याकाळी सुजितने स्वतःसाठी ग्लास बनवला. मी सोमवार धरते म्हणून घेतला नाही. आज सकाळी खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, "अर्चू, बाहेर एवढं धुकं कसं गं?" बाहेर लख्ख ऊन होतं.

आता मी समोर उभी राहिले तरी तो भिंतीकडे बघून बोलतो. दृष्टी परत येईल का, हे कुणी सांगत नाही. आणखी कोण प्यायलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी "कुणी नाही" म्हणाले. चोरीचा कॅन, नोकरी, पोलीस, सगळं एकदम डोक्यात आलं. सुजितच म्हणाला, "तुझ्या मनीषदादाकडे बाटली आहे," आणि लहान मुलासारखा रडला. मग मी सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली.

तू माझ्या हातचं काही खात नाहीस, पीत नाहीस, हे मला फार लागायचं. आज त्यासाठी देवापुढे हात जोडलेत. पण मोनालीला माझ्या हातचं सरबत आवडतं. शाळेतून आली की ती आधी फ्रिज उघडते. मला भीती वाटतेय वहिनी.

कुणी घोटभर जरी घेतलं असेल तर बरं वाटतंय म्हणून थांबू नकोस. आधी काहीच होत नाही. काल सुजितला छान झोप लागली होती. लगेच हॉस्पिटल गाठ आणि तिथे खरं सांग. लाज जायची ती माझी जाईल.

हितेश हॉर्न वाजवतोय. पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण बाटली ओतल्यावर. आणि ओतलीस की मला एक मिस कॉल दे. माझा फोन तुला लागत नाही, तुझा मला लागतो. बोलू नकोस, नुसता वाजू दे. मी फोन हातात धरून बसले आहे.

मोनालीची आत्या,
अर्चना