खटकलेल्या तीन गोष्टी

सोमवार, ४

झालं एकदाचं! आजपासून मला गेम खेळायचा पगार. बाबांना हे अजून पटलेलं नाही. सकाळी माझा डबा भरताना त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, की दिवसभर नुसतं खेळायचं आणि कोणी रागावणार नाही? मी म्हटलं, खेळायचं आणि मग नावं ठेवायची. तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. म्हणाले, मग ठीक आहे, नावं ठेवण्यात तुझा हात कोण धरणार! घरी मला ‘चिमटा’ म्हणतात ते उगीच नाही.

ऑफिस म्हणजे दिव्यांच्या दुकानावरची एक लांबट खोली. चार टेबलं, भिंतभर स्क्रीन आणि कधीच न उघडणारी खिडकी. माझ्या खुर्चीचा उजवा हात सुटलाय, आधीच्या माणसाने तो चिकटपट्टीने बांधून ठेवलाय. टेकलं की कुरकुरतो. संपादकांचं नाव मी मनातल्या मनात ‘दशांश’ ठेवलंय. हा माणूस सरळ आठ म्हणतच नाही, ७.८ म्हणतो. चहालासुद्धा ५.५ दिले. त्यांनी मला इथली रीत समजावली. प्रत्येक रिव्ह्यूच्या शेवटी दोन चौकटी असतात. एक जमेच्या बाजूंची, दुसरी खटकलेल्या गोष्टींची. आणि खटकलेल्या गोष्टी तीन म्हणजे तीनच, गेम कितीही चांगला असो. नाहीतर वाचकांना वाटतं आम्ही विकले गेलोय. सापडत नसतील तर शोधायच्या, म्हणाले. म्हटलं, साहेब, तुम्ही अगदी योग्य माणूस निवडलात.

घरी आले तर शेजारच्या काकू पेढ्यांची वाट बघत बसलेल्या, आणि बाबा त्यांना तीच गोष्ट सांगत होते. मी चार वर्षांची असताना बाजारात हरवले. बाबा वेड्यासारखे धावत सुटले, तर मी एका धान्याच्या दुकानात पोत्यांच्या काट्यावर ऐटीत बसलेली. मी रडू नये म्हणून दुकानदार मला जोखत होता. बाबांना बघून त्याने विचारलं, की बोला, काय भावाने देऊ? आणि बाबा म्हणाले... पुढचं लिहीत नाही. जन्मभर ऐकतेय, पाठ आहे मला. काकू मात्र दरवेळी डोळे पुसतात. खोकत खोकत का होईना, बाबा ती गोष्ट पूर्ण केल्याशिवाय राहत नाहीत.

गुरुवार, ७

पहिला गेम हातात पडला. नाव ‘दोघांचं घर’. बनवणारे कोण, ते दशांशनाही ठाऊक नाही. तलवार नाही, राक्षस नाही, काही नाही. एक मुलगी आणि तिचा म्हातारा बाप. भांडी घासायची, बापाच्या गोळ्या डबीत लावायच्या, कामाला जायचं, संध्याकाळी बापाची तीच एक गोष्ट ऐकायची आणि मुलीची रोजनिशी वाचायची. रोजनिशी तर बघायलाच नको! बाई खुर्चीच्या तुटक्या हाताबद्दलच चार ओळी लिहिते. मला हसूच फुटलं, कारण तसली खुर्ची माझ्याकडेही आहे.

घरी आणून खेळत होते. गेममधला बाप खोकला की दोन लहान ढास, एक मोठी, आणि मग “काही नाही, काही नाही.” अगदी आमच्या बाबांसारखं. बाबा चहा घेऊन मागे उभे होते. नेहमीसारखं “घे, गार होईल” म्हणाले, आणि स्क्रीनवरचा बापही कप पुढे करून तेच म्हणाला. आम्ही दोघं इतके हसलो की बाबांना ठसका लागला. त्यांचं मत पडलं, की हा गृहस्थ केसांच्या बाबतीत माझ्यापेक्षा बरा आहे.

शनिवार, ९

रिव्ह्यू दिला. गेमला ६.४. जमेच्या बाजूंत एवढंच लिहिलं, की घर खरं वाटतं. खटकलेल्या गोष्टी लिहायला मात्र पाच मिनिटं लागली नाहीत:

बाप सतत खोकतो, वैताग येतो.
बापाची तीच ती गोष्ट कितीदा ऐकायची?
मुलीची रोजनिशी लांबलचक.

दशांश खूश. म्हणाले, पहिल्याच घासाला दात लागलेत तुझे. संध्याकाळपर्यंत वाचकांच्या प्रतिक्रियांचा पाऊस. गेम बनवणाऱ्यांचीही दोन ओळींची मेल आली, की सूचनांबद्दल आभार, काम सुरू केलं आहे. बाबांनी रिव्ह्यू मोठ्याने वाचून काकूंना ऐकवला. ‘वैताग’वर जरासे थांबले, मग म्हणाले, बरोबर आहे तिचं. मला कसंतरीच झालं. म्हटलं, बाबा, तो गेममधला बाप आहे हो. तर म्हणतात, मी कुठे काय म्हटलं?

बुधवार, १३

गेमचा अपडेट आला. बाप खोकत नाही.

आणि बाबाही! सकाळपासून एक ढास नाही. इतक्या वर्षांचा खोकला, इतके डॉक्टर, इतके काढे, आणि आज आपोआप बंद. मी तर उड्याच मारल्या. म्हटलं, माझ्या रिव्ह्यूची कमाल, तुम्हालाही सुधारलं त्यांनी. बाबा शांतपणे हसले. त्या हसण्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, पण मी म्हटलं जाऊ दे, इतकं चांगलं झालंय, उगाच खुसपट नको काढायला.

शुक्रवार, १५

काकूंची भाची आली होती. काकूंनी हौसेने बाबांना म्हटलं, हिला ती काट्यावरची गोष्ट सांगा ना. बाबांनी विचारलं, कोणती?

काकूंना वाटलं चेष्टा करतायत. मी गोष्ट सुरू करून दिली. बाजार, दुकान, पोती. बाबा ऐकत होते. परक्या माणसाची हकिगत ऐकावी तसे, मान हलवत, अधूनमधून अरे वा म्हणत. काट्यापर्यंत आले. मी मध्येच थांबले. त्यांनी पुढे काय झालं असंही विचारलं नाही. बाकी सगळं त्यांच्या लक्षात आहे. आईचं आजारपण, माझी शाळा, गॅसचा नंबरसुद्धा. फक्त तेवढीच गोष्ट नाही.

गेम लावून पाहिला. तिथेही बाप आता गोष्ट सांगत नाही.

शनिवार, १६

काल मी इथे तीन पानं लिहिली होती. गेम, मेल, माझी भीती, सगळं सविस्तर. आज बघते तर निम्मंही नाही. पान फाटलेलं नाही, खोडलेलं नाही. जणू तेवढंच लिहिलं होतं. ‘रोजनिशी लांबलचक.’ माझेच शब्द.

धावत दशांशकडे गेले. रिव्ह्यू मागे घ्या म्हणून पाया पडायचंच बाकी राहिलं. ते म्हणाले, छापलेला रिव्ह्यू आपण बदलत नाही, तीच तर आपली अब्रू. पण अपडेट आलाय, तर नव्याने रिव्ह्यू करता येईल. मी तिथेच बसून लिहिला. ९.८ दिले. बापाचं हसणं गोड, बापाचं “घे, गार होईल” म्हणणं तर सगळ्यांत गोड, त्याला हात लावू नका, काही काढू नका. खटकलेलं काही नाही. चौकट रिकामी ठेवली आणि मनातल्या मनात हात जोडले.

सोमवार, १८

दशांशनी चौकट भरली. मला न विचारता. तीन हव्यातच, म्हणे. तुला सुचल्या नाहीत, मग मीच टाकल्या:

बापाला काही वेगळेपण उरलेलं नाही, काढला तरी चालेल.
रोजनिशी अजूनही लांब.
शेवट रेंगाळतो, झटकन संपवा.

मी ओरडले. पूर्ण ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. दशांश समजुतीने म्हणाले, अगं, एका गेमवर इतका जीव टाकू नये. खाली वाचकांनी लिहिलंय, पटलं. बाप काढा. बाप काढा.

बनवणाऱ्यांची मेल आली. आवडलेलं वाढवलं आहे, खटकलेलं शुक्रवारपर्यंत काढू.

मंगळवार, १९

आवडलेलं वाढवलं म्हणजे काय ते कळलं.

बाबा सकाळपासून हसतायत. थांबतच नाहीत. हातात कप, रिकामा. “घे, गार होईल.” कप घेतला की दुसरा पुढे करतात. “घे, गार होईल.” मी विचारलं, बाबा, औषध घेतलंत? “घे, गार होईल.” रडले, तरी तेच. ओठ हसतायत, डोळे मात्र माझ्याकडे टक लावून — बाबा आत आहेत. त्यांना कळतंय. मला खात्री आहे.

देवा, चांगलं लिहिलं होतं रे मी!

बुधवार, २०

गेम काढून टाकला, मशीनच्या वायरी उपटल्या. उपयोग नाही. दशांश म्हणाले, तो आता घराघरांत गेलाय, तुझा एकटीचा राहिलाय का? बनवणाऱ्यांना मेलवर मेल पाठवल्या. माझे वडील आहेत ते, माणूस आहेत, हात जोडते. उत्तर आलं: सूचनांबद्दल आभार.

काकूंना घरी बोलावलं. म्हटलं, बाबांकडे बघा तरी. काकू गोंधळल्या. हलकेच विचारलं, तुझे वडील तुझ्याकडेच असतात का गं?

गुरुवार, २१

त्यांना घेऊन कुठेतरी निघून जावं म्हणून बॅग भरली. दारात उभे राहून हसतायत. पाऊल उचलत नाहीत. ओढलं, विनवलं. हात गरम आहे अजून. तो हात सोडायचा नाही. एका हाताने लिहितेय.

खोका ना बाबा. एकदा खोका. वैताग नाही येत मला. कधीच आला नव्हता — तीन हव्या होत्या म्हणून लिहिलं —

शुक्रवार, २२

माझा हात रिकामा आहे.

एकच टूथब्रश. चपलांचा एकच जोड. भिंतीवर खिळा, त्यावर काही नाही. काकूंना विचारलं. त्यांना वाटतं, मी इथे एकटीच राहायला आले.

दशांशचा निरोप: नव्या अपडेटला ९.१ देऊया.

ती गोष्ट तरी राहू दे. ती लिहून ठेवते. पूर्ण. काय झालं होतं — बाजार. मी हरवले. कोणीतरी धावत आलं — कोणीतरी नाही, बाबा, माझे बाबा. मी काट्यावर बसलेली. दुकानदार म्हणाला, काय भावाने देऊ? पाठ आहे मला. जन्मभर ऐकलंय. पाठ आहे. आणि बाबा म्हणाले,